गच्ची चार वेळा केली तरी मागच्या खोलीची ओल जाईना: डोंगरउतारावरच्या स्लॅबच्या घराचं दुखणं

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की नाही ते लगेच कळेल.

उतारावर बांधलेलं सपाट स्लॅबचं दुमजली घर. डोंगर कापून जागा काढलेली, त्यामुळे खालच्या मजल्याची मागची भिंत सातेक फूट मातीत गाडलेली. पुढची बाजू उंच कॉलमवर, मोकळी, दरीकडे तोंड करून. मृगात काही होत नाही. आर्द्रा संपता संपता मागच्या खोलीत भिंतीच्या तळाशी काळपट पट्टा उमटतो. पुनर्वसूत रंगाला फुगे येतात, श्रावणात कपाट उघडलं की बुरशीचा भपकारा येतो. दिवाळीच्या आधी खरवडून पुन्हा रंग. गवंडी येतो, छताकडे बघतो, 'गच्ची लीक हाय' म्हणतो आणि मे महिन्यात येऊन गच्ची करून जातो. पुढच्या आर्द्रेला पट्टा हजर.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या एका डोंगराच्या कुशीत आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर आरसीसी स्लॅब, गच्ची तीस बाय तीस फूट. पहिल्या पावसाळ्यापासून हे सुरू झालं. २०१४ मध्ये जुना कोबा फोडून नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेला थर, केला. २०१६ मध्ये त्यावर पांढरं रबरी कोटिंग केलं. २०१८ मध्ये डांबरी शीट गरम करून चिकटवली. शेवटी २०१९ च्या मे महिन्यात वैतागून सगळ्या गच्चीवर पत्र्याची शेडच टाकली.

आणि इथेच आम्ही चुकलो. शेडच्या त्या पावसाळ्यात गच्चीवर भर आषाढात कपडे वाळत होते, एक थेंब स्लॅबला लागत नव्हता, तरी खालच्या मागच्या खोलीत पट्टा नेहमीसारखाच आला. पुरावा डोळ्यांसमोर होता. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि शेडच घेऊन गेलं. चार पत्रे खालच्या काजूच्या बागेत सापडले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. पत्र्यांचं दुःख इतकं मोठं होतं की शेड असताना भिंत ओली का होती, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

तारखा आधी, केमिकल नंतर

उत्तर सापडलं ते सासूबाईंच्या कॅलेंडरवर. त्यांना दूध, सिलिंडर, पाऊस, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची सवय. मागच्या खोलीतली गादी ज्या सकाळी भिंतीपासून सरकवावी लागे, त्या दिवशी त्या फुली मारायच्या. २०२१ च्या पावसाळ्यानंतर एकदा पानं उलटताना नवऱ्याच्या लक्षात आलं: जूनमध्ये 'धो धो' असं लिहिलेले चार-पाच दिवस, पण एकही फुली नाही. फुल्या सुरू होतात जुलैत. आणि श्रावणात आठवडाभर उघडीप होती, चौकोनात 'ऊन' लिहिलंय, तरी फुली रोज! पाऊस थांबल्यावरही ऑक्टोबरपर्यंत फुल्या चालूच.

गच्चीची गळती अशी वागत नाही. स्लॅबमधून येणारं पाणी मोठ्या सरीनंतर काही तासांत छताला दिसतं आणि उघडीप मिळाली की एक-दोन दिवसांत सुकू लागतं. डोंगराचं पाणी उशिरा येतं, कारण आधी अख्खा उतार भिजून तृप्त व्हावा लागतो. आणि उशिरा जातं, कारण तेवढा उतार रिकामा व्हायला महिने लागतात. इथे एक खोडा आहे, तो सांगायला हवा. ब्रिकबॅट कोबा जुना असेल तर त्यातले विटांचे तुकडे स्पंजासारखे पाणी धरतात आणि पाऊस गेल्यावरही आठ-आठ दिवस ठिबकत राहतात. म्हणजे नुसत्या तारखांवर निकाल देऊ नका. ओल छताकडून खाली उतरते आहे की जमिनीकडून वर चढते आहे, हेही बघा. आमची कंबरेपर्यंत चढायची आणि छत खडखडीत कोरडं.

आणखी एक गोष्ट इतकी उघड होती की आता हसू येतं. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून आडवा येतो. झोडपून निघते ती दरीकडची भिंत. ती कोरडी, आणि डोंगराच्या आडोशाला असलेली भिंत ओली. पावसाचा दोष असता तर उलटं व्हायला हवं होतं.

पाणी येतं किती आणि कुठून

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमची गच्ची सुमारे ८४ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पडला (कोकणात जुलैत यात विशेष काही नाही) तर गच्चीवर ८,४०० लिटर. आता घराच्या रुंदीइतकीच, म्हणजे नऊ मीटर रुंद पट्टी डोंगरावर साठ मीटर वर धरा. तिच्यावर त्याच दिवशी ५४,००० लिटर पडतं. सगळं मुरत नाही, बरंचसं वरच्यावर वाहून जातं. पण जे मुरतं ते कुठे जातं?

जांभा सच्छिद्र दगड, पाणी गाळून खाली सोडतो. त्याच्या खाली चिकट, पिवळट-पांढरी माती लागते, तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही. मग ते त्या मातीच्या पाठीवरून आडवं, उताराच्या दिशेने चालू लागतं आणि जिथे डोंगर कापलेला दिसेल तिथे बाहेर पडतं. कोकणात याला उपळ फुटणं म्हणतात. जांभ्याच्या कड्याखाली पावसाळी झरे दिसतात ते असेच. आम्ही डोंगर कापला, उपळीच्या वाटेत भिंत उभी केली आणि तीही चिऱ्याची, म्हणजे पुन्हा सच्छिद्र. पाण्याने दुसरं काय करायचं?

नंतर ज्यांच्याकडून जागा घेतली त्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'तिथं पऱ्या वाहायचा की पावसात! तुम्ही विचारलंत कुठं?' पऱ्या म्हणजे पावसाळी ओहोळ. खरंच विचारलं नव्हतं.

खात्री कशी केली

पहिली चाचणी गच्चीची. सगळी पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी तीन दिवस साठवायचं. दोन इंचांहून जास्त नको, पाण्याला वजन असतं. आमच्या गच्चीवर दोन इंच म्हणजेच ४,२०० लिटरच्या वर, चार टनांहून अधिक झालं. गवंडी ही चाचणी मे महिन्यात करायला सांगतात. मे महिन्यात दापोलीत चार हजार लिटर पाणी गच्चीवर ओतायचं म्हटलं तर शेजारी घरी येऊन भांडतील! जानेवारीत करा: विहिरीला पाणी असतं, भिंत बऱ्यापैकी सुकलेली असते. आमचा निकाल दुहेरी आला. खालची मागची खोली तिन्ही दिवस कोरडी राहिली. पण वरच्या मजल्यावर, पावसाच्या पाण्याचा पाइप स्लॅबमधून उतरतो त्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी हाताएवढा डाग आला. म्हणजे गवंडी अगदीच खोटं बोलत नव्हता. गच्ची गळत होतीच, फक्त आम्ही ज्या ओलीसाठी पैसे घालत होतो ती ओल तिची नव्हती.

पाण्यात गुलाल कालवून बघा असंही लोक सुचवतात. रंग खाली उतरला तर पक्का पुरावा, पण उतरला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. माती आणि कोबा रंग गाळून ठेवतात.

दुसरी चाचणी फुकटची. भिंतीचा हातभर भाग पुसून त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद लावा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा, दोन दिवस ठेवा. कागदाच्या खोलीकडच्या अंगावर पाणी जमलं तर ते हवेतलं दमट, गार भिंतीवर बसलेलं. भिंतीकडच्या अंगावर जमलं तर ते भिंतीतून येतंय. आमच्याकडे तळाशी भिंतीतून येत होतं, पण कपाटामागे, डोक्याच्या उंचीवर, चक्क हवेतलं. मातीला टेकलेली भिंत गार असते, जुलैची हवा ओलीचिंब आणि कपाट भिंतीला घट्ट चिकटवलेलं. त्या बुरशीचा डोंगराशी संबंध नव्हता. कपाट चार इंच पुढे ओढलं, मागे वारा फिरू दिला, तेवढ्यावर काम भागलं. एक्झॉस्ट पंखाही लावलाय, पण बाहेरच ९० टक्के आर्द्रता असेल तेव्हा तो ओलीच हवा आत खेचतो. उघडीप असेल तेव्हाच लावतो.

तिसऱ्या चाचणीने मात्र झोप उडवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काम पुढे ढकललं ते याच्यासाठीच. जून २०२२ मध्ये मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर पहारीने भोक करून त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप उभा केला. खालच्या भागाला बारीक भोकं पाडलेली, वर टोपण. रोज काठी बुडवून पाणी कुठवर आलं ते मोजायचं. भर पावसाळ्यात भिंतीजवळ खड्डा मात्र खणू नका, उतार आधीच भिजून जड झालेला असतो. जून अखेरपर्यंत पाइप कोरडा होता. जुलैच्या मध्यावर पाणी आतल्या फरशीपेक्षा साडेतीन फूट वर उभं! साडेतीन फूट पाणी म्हणजे तळाशी चौरस मीटरला साधारण टनभर दाब. त्या दाबापुढे आतून मारलेला रंग, पुट्टी किंवा कुठलंही केमिकल म्हणजे धरणाला लावलेलं पोस्टाचं तिकीट. फुगे का येतात ते त्या दिवशी कळलं.

काय केलं

२०२३ च्या जानेवारीत काम काढलं. आधी एका स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवलं, आणि ही पायरी कुणी गाळू नये. मातीत गाडलेल्या भिंतीमागची माती एकदम पूर्ण लांबीची उपसली तर वरचा काप खाली यायला वेळ लागत नाही. त्यांनी आठ-आठ फुटांचे तुकडे पाडून दिले: एक तुकडा खणा, पूर्ण करा, भरा, मग पुढचा. कंत्राटदाराची जेसीबी लावून दोन दिवसांत उरकायची फार इच्छा होती. नाही म्हटलं. दीड महिना लागला.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, त्याला खडी लागून ओरखडे पडू नयेत म्हणून जाड संरक्षक शीट. खाली, आतल्या फरशीच्या पातळीपेक्षा फूटभर खाली, भोकांचा चार इंची पाइप, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार देऊन घराच्या बाजूला बाहेर काढलेला. पाइपाभोवती आणि भिंतीलगत फूटभर जाडीची स्वच्छ खडी, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड. हे कापड वाचवलं की दोन-तीन पावसाळ्यांत माती खडीत शिरते आणि सगळा खर्च मातीत जातो, शब्दशः. सर्वात वर फूटभर चिकण माती ठोकून बसवली आणि तिचा उतार भिंतीपासून दूर काढला, म्हणजे वरचं पाणी थेट खडीत उतरत नाही.

या सगळ्यात वॉटरप्रूफिंगचे दोन हात सगळ्यात कमी महत्त्वाचे, असं माझं मत झालंय. पाण्याला जायला वाट मिळाली की त्याचा दाब जातो, आणि दाब गेला की साधा गिलावाही पुष्कळ निभावतो. वाट नसेल तर महागातला महाग लेपही आज ना उद्या हरतो.

घराच्या वर, कापाच्या माथ्यापासून दहा-बारा फूट मागे एक आडवी चर काढली आणि तिचं पाणी बाजूच्या मूळच्या पऱ्यात सोडलं. जांभ्यात चर नुसती खणून ठेवली तर ती पाणी पकडते आणि तिथेच मुरवते, म्हणजे आपणच उपळीला दूध पाजल्यासारखं; म्हणून तिला सिमेंटचं अस्तर हवं. पाणी शेजाऱ्याच्या कुंपणात निघत नाही ना, हेही बघा. आमच्याकडे पाच फूट जास्त खणावं लागलं, पण संबंध टिकले.

बाजूच्या संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडायला पाइपाचे तुकडे बसवलेले होते, दर पाच फुटांवर एक. त्यातले अर्धे सिमेंटने बुजवलेले निघाले. कुणी बुजवले? आम्हीच. काही वर्षांपूर्वी रंगाऱ्याने विचारलं होतं, 'ताई, या भोकांतून पाणी येऊन भिंतीवर ओघळ पडतात, बंद करू का?' आणि मी 'करा' म्हटलं होतं. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबून काठोकाठ भरलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टनांच्या आसपास ढकल बसते, ती मातीची वेगळी. आता ओघळ दिसले की मला बरं वाटतं.

गच्चीचं काम त्यामानाने किरकोळ निघालं. पाइपाभोवतीचा कोबा फोडून तो सांधा न आकसणाऱ्या मसाल्याने भरला. स्लॅब आणि कठडा मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) मागच्या बाजूला तडकला होता, तो नवा केला. तीन इंची एकच पाइप होता, तिथे चार इंची दोन केले, आणि एक पानांनी तुंबला तर पाणी साचू नये म्हणून कठड्याला वरच्या अंगाला एक सांडपाइप ठेवला. डोंगरावरची झाडं घराच्या डोक्यावर असल्यामुळे आमच्या सपाट गच्चीवर पानांचा सडा पडतो. पुन्हा पाणी साठवून तपासलं. डाग नाही.

आतून मात्र लगेच काही करू नका. चिरा सुकायला आठ-दहा महिने घेतो. आम्ही एक अख्खा पावसाळा गिलावा खरवडलेली भिंत तशीच उघडी ठेवली. पांढरा खार फुलत राहिला, तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की परत आत मुरतो. टाइल लावून ओल झाकायचा सल्ला बरेच जण देतात. झाकली जाते, पण भिंतीतच वर चढते आणि टाइलच्या वर डोकं काढते.

हे दिसलं तर वॉटरप्रूफिंगचा विचार सोडा

एवढा वेळ ओलीबद्दल बोलले. उतार हलू लागला तर गोष्ट वेगळी. कापाच्या वर जमिनीत घराला समांतर भेगा, झाडं किंवा खांब एका बाजूला कलणं, नेहमी सरकणारी दारं अचानक अडकणं, संरक्षक भिंतीला पोट येणं, स्वच्छ येणारं पाझराचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा भर पावसात झरा बंद पडणं. यातलं काही दिसलं तर गवंड्याला नाही, तहसील कार्यालयाला आणि आपत्ती विभागाला कळवा, आणि त्या रात्री तिथे झोपू नका. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३): या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली, आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. डोंगर भिजून जड झालेला असतो ते हेच दिवस, आणि सासूबाईंच्या कॅलेंडरवर सगळ्यात जास्त फुल्याही याच दिवसांत.

आता

२०२३ च्या पावसाळ्यात नवा पाइप जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाहू लागला. जुलैच्या शेवटी पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरत होती. हिशेब केला तर दिवसाला ३२ हजार लिटरच्या वर. हे पाणी आधी आमच्या भिंतीमागे उभं राहायचं. पुढे धार बारीक होत गेली आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ठिबकत राहिली. तपासणीच्या उभ्या पाइपात पाणी फरशीच्या वर एकदाही चढलं नाही. मागची खोली कोरडी राहिली, फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग येतो. तिथे जुन्या न्हाणीघराचा नळ भिंतीत आहे, आणि संशय आता त्याच्यावर आहे. त्याचं पाणी आठ दिवस बंद ठेवून बघायचं आहे.

पाइपाच्या तोंडाला जाळी मात्र जरूर लावा. पहिल्याच वर्षी आत खेकड्यांनी घर केलं आणि ऑगस्टमध्ये धार निम्म्यावर आली होती. जाळी काढून दर मे महिन्यात वरच्या टोकाने दोन बादल्या पाणी सोडायचं. खालून तेवढंच बाहेर येतंय का, ते सासूबाई खाली उभं राहून बघतात आणि कॅलेंडरवर लिहितात.